अर्नाळ्याचा समुद्र आणि वसईची बावखले

अर्नाळ्याला एक दिवस काढून आलेल्या मुंबईकराला विचारून पाहा, "काय हो, पाणी कसं होतं तिकडचं?" तो भरतीविषयी सांगेल, लाटांविषयी सांगेल; मुलांच्या कपड्यांतून घरापर्यंत आलेल्या वाळूविषयी त्याची बायको सांगेल. पण समुद्रातून बाहेर आल्यावर अंगावरचे मीठ धुवायला त्याने जे बादलीभर पाणी घेतले, तहान लागली तेव्हा जे तो प्याला आणि ज्या पाण्यात त्याच्या ताटातला भात शिजला, ते आले कोठून, हे त्याला सांगता यायचे नाही. त्यात त्याचा दोष नाही. तोटी फिरवली की पाणी येते, एवढेच आपणा शहरवासीयांना पाण्याविषयी ठाऊक असते. आणि ते आले नाही, तर त्याबद्दल कोणाला बोलावे, एवढेच आणखी.

वसईच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडून निघाले की अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव आणि शेवटी वसईच्या किल्ल्याजवळची सुरूची बाग अशी ठिकाणे ओळीने लागतात. विरारची गाडी पकडावी, स्टेशनाबाहेर बस नाहीतर रिक्षा करावी, की तासाभरात आपण समुद्रावर. एवढा स्वस्त समुद्र मुंबईच्या माणसाला दुसरीकडे मिळत नाही. तेव्हा रविवारी, नाताळात आणि मुलांच्या मेच्या सुट्टीत येथे माणसांना तोटा नसतो. त्यांच्यासाठी वाड्यावाड्यांतून रिसॉर्टे झाली, पोहण्याचे तलाव झाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पोहायला गोड्या पाण्याचा तलाव कशाला, असा प्रश्न एखाद्या आजोबांना पडतो; पण नातवंडांना पडत नाही, आणि पैसे नातवंडांच्या हट्टावर खर्च होतात!

आता या भूमीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला वसईची खाडी. उत्तरेला वैतरणेची खाडी. पूर्वेला तेवढा तुंगारेश्वराचा डोंगर. म्हणजे तीन बाजूंना खारे पाणी आणि मध्ये सपाट भूमीचा पट्टा. आणि या पट्ट्यात पिकते काय, तर केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले. सगळी गोड्या पाण्याची लाडकी लेकरे. दादर-पार्ल्याच्या जुन्या कुटुंबांना वसईच्या भाजीवाल्या ठाऊक आहेत. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन त्या येत आणि त्यांची वांगी, पालेभाजी, केळफूल घेण्यासाठी बायका थांबून राहत. आगाशीची सुकेळी तर उपासाच्या दिवसांत घरोघर आठवायची. ही सारी बागाईत समुद्राच्या मांडीला मांडी लावून कशी वाढली?

पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती सोडवली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात एक शहरच नांदत होते, आणि त्याची तहान आतल्या विहिरी भागवत होत्या. अर्नाळ्याच्या बेटावरच्या किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना, गोड्या पाण्याचा अष्टकोनी तलाव आहे. हे चमत्कार नव्हेत. त्यामागे पावसाचा हिशेब आहे, आणि वसईच्या शेतकऱ्याने तो फार पूर्वीच जमवला होता. त्या हिशेबाचे नाव बावखल.

बावखल (कोणी बावखळही म्हणतात) म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले लहानसे तळे. ना त्याला बांधीव घाट, ना देवळाचा शेजार. पावसाळ्यात चहूकडचे पाणी त्यात उतरते, भरते, आणि तळाच्या वाळूतून, मुरमातून हळूहळू जमिनीत जिरते. शेजारच्या विहिरी त्यावर जगतात. पूर्वी बावखलाच्या काठी रहाट असे. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा नाहीतर बैल गोल फिरे, गाडगी भरून वर येत, पन्हळात रिकामी होत आणि पाणी पाटाने केळीकडे जाई. गावातली पोरे पोहायला शिकत ती याच बावखलात. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली अशा कितीतरी गावांत वाडी म्हटली की बावखल आलेच.

रहाटाचा एक गुण आपल्या लक्षात येत नाही: तो थकतो. म्हणजे जनावर थकते. दिवसभर फिरून रेडा जेवढे पाणी काढील तेवढेच निघणार. आणि तेवढे पाणी बावखल रात्रीतून पुन्हा झिरपून भरून काढी. विजेचा पंप आला आणि ही मर्यादा सुटली. पंपाला दम लागत नाही.

दुधावरची साय

समुद्रकाठी जमिनीखालचे पाणी कसे असते हे समजायला स्वयंपाकघरात जावे. दुधावर जशी साय, तसे खाऱ्या पाण्यावर गोडे पाणी तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. एक लिटर गोडे पाणी हजार ग्रॅम भरले, तर समुद्राचे सुमारे हजार पंचवीस भरते. एवढ्याशा फरकावर किनाऱ्यावरच्या गावांचा संसार उभा आहे.

हा नियम शास्त्रात मांडला तो दोन इंजिनिअरांनी. हॉलंडचे घायबेन यांनी 1888 च्या सुमारास आणि जर्मनीचे हर्झबर्ग यांनी 1901 मध्ये. गंमत अशी की, हर्झबर्ग यांचे काम चालले होते नॉर्डर्नाय या बेटावर, आणि ते बेट समुद्रस्नानाला येणाऱ्या पाहुण्यांसाठीच प्रसिद्ध! म्हणजे पाहुण्यांना पाणी पुरवता पुरवता हे शास्त्र जन्माला आले. नियम असा: समुद्रसपाटीच्या वर जमिनीत एक हात गोडे पाणी असेल, तर त्याच्या खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. ऐकायला हे मोठे औदार्य वाटते. पण तोच हिशेब उलटा वाचा. उपसा करून वरची पातळी एक हात खाली नेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस हात वर सरकते. मालकाला वाटते, विहिरीचे पाणी हातभरच तर उतरले!

आणि बिघडायला फार खारे पाणी लागतही नाही. शंभर तांबे गोड्या पाण्यात समुद्राचे दोन तांबे मिसळले की जिभेला कळते. चार-पाच मिसळले की ते पाणी ना पिण्याच्या कामाचे, ना केळीच्या. पानवेल तर त्याआधीच मान टाकते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतील हे जमिनीवर अवलंबून असते. आणि तेवढे पावसाळे तिथला उपसा थांबवावा लागतो, ही अट वेगळीच.

टँकरची वर्षे

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी सुटली. त्यानंतर शंभरावर वर्षे वसईने मुंबईला भाजी, फुले आणि दूध दिले. पाणी मागायची वेळ आली ती नंतर. 1980 च्या दशकात वसई रोड, नालासोपारा, विरार या स्टेशनांभोवती इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्या नळाची वाट न पाहता उभ्या राहिल्या. मुंबईत जागा परवडेना अशा मध्यमवर्गीयांनी तेथे दोन खोल्या घेतल्या. आपल्यापैकी कोणाचे मेव्हणे, कोणाची बहीण त्यांत असेल. घराची किल्ली हातात आली. पाणी टँकरने आले. आणि टँकर भरत होते पश्चिमेच्या हिरव्या गावांतल्या विहिरींवर.

पाणी विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण वर्षभर केळी राखून जे पैसे हाती पडतात त्याहून जास्त पंप चालू ठेवून पडत असतील, तर मोह कोणाला होणार नाही? अडचण एवढीच की, जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. एकाने टँकर भरला की शेजाऱ्याची विहीर उतरते. त्याने पाणी विकले नसले तरी त्याची केळी करपते.

या प्रश्नावर गावे उठली ती हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली. तिचे पुढारी नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठी वाचकांना ते लेखक म्हणून आणि 2020 च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून परिचित आहेत; 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. एका धर्मगुरूने विहिरी आणि वाड्या यांसाठी रस्त्यावर यावे, याचे काहींना त्या वेळी आश्चर्य वाटले. मला उलट वाटते. गावाची विहीर खारट झाली तर गाव उठून जाते, आणि गाव गेल्यावर देऊळ काय नि चर्च काय, कोणासाठी घंटा वाजवायची?

सरकारी पातळीवर पुढे पुष्कळ घडले. 1990 मध्ये सिडकोकडे या भागाचे नियोजन आले. 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. 2011 च्या शिरगणतीत महानगराची वस्ती 12 लाखांच्या वर होती. आणि या साऱ्या धामधुमीत बावखले बुजत गेली. कोठे भराव टाकून घर झाले, कोठे रस्ता रुंद झाला, कोठे नुसता राडारोडा टाकायला जागा हवी होती. रहाट गेला होता, नळ येणार होता; मग त्या डासांच्या डबक्याचा उपयोग काय, असे घरातल्या तरुणांनीच विचारले.

उपयोग किती, ते आकड्यांनी पाहू. समजा, वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे एक बावखल आहे. त्यात नऊ लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचा एक, असे नव्वद टँकर! आणि हे एकदा भरल्याचे झाले. पावसाळ्यात ते जिरते आणि पुन्हा भरते. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर दोन लाख लिटर पाणी पडते आणि पन्हळीतून गटारात जाते. दुसऱ्या बाजूने रिसॉर्टच्या तलावाचा हिशेब: वीस मीटर बाय दहा मीटर, दीड मीटर खोल, म्हणजे तीन लाख लिटर. शिवाय सरकारी मापाप्रमाणे घरी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, तर हॉटेलात खाटेमागे 180. पाहुणा घरच्यापेक्षा जास्त पाणी वापरतो, हे आपल्या घरी पाहुणे आले की गृहिणीला कळतेच.

आभाळ आणि समुद्र

हा सगळा हिशेब पाऊस आणि समुद्र आपापल्या जागी आहेत असे धरून झाला. ते तसे राहिलेले नाहीत. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने चढली, आणि चढण्याचा वेग वाढतो आहे, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाच्या 2021 च्या अहवालात नमूद आहे. वीतभर पाणी म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण वर सांगितलेला एकास चाळीसचा हिशेब आठवा. दुधाखालचे भांडेच वर उचलल्यासारखे ते आहे. शिवाय किनाऱ्याची वाळू चोरून उपसली जाते, सुरूची झाडे उधाणात उन्मळतात, आणि वाळूचा जो बांध गोडे पाणी अडवून धरतो तोच खचतो. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गुजरातकडे गेले, तेव्हा वसईच्या कित्येक केळीच्या बागा आडव्या झाल्या.

पाऊसही पूर्वीसारखा मुरवणीचा पडत नाही. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या, असे पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिले. दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला तर जमीन तो पिणार कशी? जुलै 2018 मध्ये वसई-विरार याच रीतीने बुडाले. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, मिठागरातली माणसे अडकून पडली. ज्या गावात मेमध्ये टँकरसाठी रांग लागते त्याच गावात जुलैमध्ये होडी लागावी! पुढे महापालिकेने नागपूरची नीरी आणि मुंबईची आय.आय.टी. यांच्या तज्ज्ञांना कारणे शोधायला सांगितले. त्यांच्या सूचनांत एक अशी होती की, पावसाचे पाणी काही वेळ धरून ठेवण्यासाठी धारण तलाव करावेत. तज्ज्ञांचा आदर ठेवून म्हणावेसे वाटते की, लहान प्रमाणावर असे तलाव वसईत वाडीवाडीला होते. ते आपणच बुजवले आणि मग अहवाल मागवला.

यावर कोणी म्हणेल, आता सूर्येचे पाणी आले ना? आले, हे खरे आणि आनंदाचे. धामणी धरणाचे पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून, मोठ्या नळांतून आणण्याच्या योजनेचा पहिला टप्पा जानेवारी 2024 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. एकूण योजना दिवसाला 403 दशलक्ष लिटरची. त्यांत वसई-विरारचा वाटा 185 आणि मीरा-भाईंदरचा 218. टँकरवर दिवस काढलेल्या गृहिणीला या आकड्यांची किंमत कोणी सांगायला नको. मात्र दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीसाठी बांधला गेला. ते पाणी शहरांकडे वळले याची तक्रार तिकडचे आदिवासी शेतकरी कधीपासून करीत आहेत. दुसरी अशी की, नळाचे पाणी तोटीत येते, ते जमिनीखाली समुद्राला मागे रेटत नाही. ते काम मुरलेल्या पाण्याचेच.

सगळा भार एका नळावर टाकण्यात धोका काय, ते मालदीवच्या माले शहराने भोगले आहे. पाहुण्यांवर जगणारा तो देश. बेटाखालचे गोडे पाणी उपसून उपसून बिघडले, तेव्हा समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या यंत्रावर शहर जगू लागले. 4 डिसेंबर 2014 रोजी त्या कारखान्यात आग लागली आणि लाखावर माणसांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. समुद्राने वेढलेल्या शहराला विमानातून पाणी!

याउलट ॲमस्टरडॅम. तेथे 1853 पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतले गोडे पाणी नळाने शहरात जाई. उपसा वाढला, खालचे खारे पाणी वर चढू लागले. डच लोकांनी विहिरी सोडून दिल्या नाहीत. 1957 पासून त्यांनी ऱ्हाईन नदीचे पाणी आणून त्या वाळूत चर खणून मुरवायला सुरुवात केली. मुरलेले पाणी पुन्हा उपसायचे, आणि समुद्राला जागच्या जागी ठेवायचे. इंजिनिअरी भाषेत त्याला काहीही नाव असो, वसईचा शेतकरी ते पाहून बावखल म्हणाला असता.

मोजणार कोण?

वसईत आज काय स्थिती आहे याचे उत्तर पुस्तकातल्या नियमावरून निघत नाही. घायबेन-हर्झबर्ग यांचा हिशेब वाळूचा आहे. वसईत वर वाळू आणि गाळ, खाली काळा कातळ, आणि कातळाला भेगा. एका वाडीतली विहीर गोडी आणि रस्त्यापलीकडची मचूळ, असे येथे होऊ शकते. केंद्रीय भूजल मंडळ ठराविक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. राज्याची भूजल यंत्रणाही मोजते. ते उपयोगाचे आहे, पण वाडीवाडीतला फरक दिसायला ते पुरे नाही. भरतीरेषेजवळच्या उपशावर 1991 च्या किनारा अधिसूचनेपासून बंधने आहेत आणि महाराष्ट्राला 2009 चा भूजल कायदाही आहे. पण कोणी किती पाणी काढले याची नोंदच नसेल, तर कायदा कोणाला काय विचारणार?

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गाठी मारलेली दोरी, आणि पाण्यातला खारटपणा दाखवणारे खिशात मावेल एवढे यंत्र, एवढी सामग्री पुरते. गावातली उरलेली बावखले नकाशावर मांडावीत. बुजलेल्यांच्या जागा म्हाताऱ्या माणसांना विचाराव्यात, ती आहेत तोवर. मग अर्नाळ्यापासून वसईपर्यंत समुद्राला लागून एक, जरा आत एक, आणि हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर एक, अशा विहिरी निवडून महिन्यातून एकदा, एकाच दिवशी पातळी आणि खारटपणा लिहावा. भरतीची वेळही लिहावी; काठच्या विहिरींना ती जाणवते. जवळ बावखल असलेल्या आणि बुजलेल्या विहिरींचे रकाने वेगळे ठेवावेत. रिसॉर्टांनी बोअरिंगवर मीटर बसवून तो आकडा शेजारच्या रकान्यात द्यावा. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे आहे. खारट चहा देणाऱ्या ठिकाणी पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. कॉलेजातली मुले हे काम आनंदाने करतील, आणि तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की कोणत्या गावाचे बावखल आधी उकरावे यावर वाद घालायला निदान काही आधार मिळेल.

दिवाळीच्या सुमारास वसईच्या विहिरी पावसाने भरलेल्या असतात. सर्वांत खाली जातात त्या मेअखेर, आणि किनाऱ्यावर गर्दी उसळते तीही त्याच महिन्यात. तेव्हा वहीतली पहिली ओळ याच महिन्यात लिहिली, तर मेमधल्या ओळीशी ती ताडून पाहता येईल.